पिसांआडचा माणूस

बाहुल्यांचा खेळ पाहणाऱ्या मुलाला दोन गोष्टी एकाच वेळी ठाऊक असतात. समोरची बाहुली चिंध्यांची आहे, हे त्याला पक्के माहीत असते; आणि तरीही ती बाहुली रडू लागली की त्याच्याही डोळ्यांत पाणी उभे राहते. मोठ्या माणसांना यात विसंगती वाटते. मुलांना ती वाटत नाही. म्हणूनच खेळ संपल्यावर मुले जे प्रश्न विचारतात ते मोठे मार्मिक असतात. बाहुलीचा हात कोण हालवतो? तिला दिसते कसे? आणि आतला माणूस म्हातारा झाला, तर बाहुलीचे काय होते?

अमेरिकेतील ‘सेसमी स्ट्रीट’ या बालकार्यक्रमाला असे प्रश्न पन्नासहून अधिक वर्षे विचारले गेले आहेत. १० नोव्हेंबर १९६९ या दिवशी हा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर प्रथम दिसला. जोन गँझ कूनी आणि लॉइड मॉरिसेट हे त्याचे प्रवर्तक. गरीब घरांतील मुले शाळेची पायरी चढतात तेव्हाच इतरांच्या मागे पडलेली असतात, याची त्या दोघांना खंत होती. घरोघर दूरचित्रवाणी आहे आणि मुले तासन्‌तास तिच्यासमोर बसून जाहिरातींतील गाणी पाठ करतात. मग त्याच साधनाने त्यांना अक्षरे आणि अंक का शिकवू नयेत, असा त्यांचा साधा विचार होता. या कामासाठी त्यांनी जिम हेन्सन नावाच्या एका बाहुलीकाराला बोलावले.

हेन्सन यांचा जन्म १९३६ साली मिसिसिपी राज्यात झाला. १९५५ साली, महाविद्यालयात शिकत असतानाच, वॉशिंग्टन शहरातील एका दूरचित्रवाणी केंद्रावर त्यांना पाच मिनिटांचा खेळ करण्याची संधी मिळाली. त्यासाठी त्यांनी आईचा एक जुना, टाकून दिलेला हिरवट कोट घेतला, त्याचे एक लांबट तोंडाचे प्राणिमात्र शिवले आणि टेबल टेनिसचा चेंडू मधोमध कापून त्याचे दोन डोळे बसवले. हाच तो जगप्रसिद्ध कर्मिट बेडूक. मात्र आरंभी तो बेडूक नव्हता. तो पालीसारखा दिसणारा, नाव-गाव नसलेल्या जातीचा प्राणी होता. बेडकाचे रूप त्याला पुढे काही वर्षांनी मिळाले. आईच्या कोटाचा तो पहिला कर्मिट वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात जपून ठेवलेला आहे.

हेन्सन आपल्या बाहुल्यांना ‘मपेट’ म्हणत. या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर विचारला गेला. कळसूत्री बाहुली आणि हातबाहुली यांच्या इंग्रजी नावांची ती जोड आहे, असे ते कधी सांगत. तर कधी, कानाला बरा वाटला म्हणून तो शब्द केला, असे हसत कबूल करीत.

मपेटमध्ये नवे काय होते, हे समजण्यासाठी जुन्या खेळाकडे पाहावे लागते. आपल्याकडे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीचे ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्या नाचवतात, तेव्हा बाहुलीकार पडद्याआड उभा राहून वरून दोऱ्या हालवतो. बाहुली लाकडाची असते. तिचा चेहरा कोरलेला, म्हणून कायमचा एकच. प्रेक्षक दूर बसलेला असल्यामुळे त्यात काही उणे वाटत नाही. दूरचित्रवाणीचे तसे नाही. तेथे बाहुलीचा चेहरा पाहणाऱ्याच्या अगदी नाकासमोर येतो. इतक्या जवळून लाकडी चेहरा निर्जीव भासतो, हे हेन्सन यांनी ओळखले. त्यांनी लाकूड सोडून मऊ कापड आणि रबरी स्पंज घेतला. आत हात घालून मूठ किंचित आवळली, की बाहुलीच्या कपाळाला आठी पडावी, इतके ते चेहरे लवचीक झाले. पडदा आणि रंगमंचाची चौकटही त्यांनी काढून टाकली. कॅमेऱ्याला जेवढे दिसते तेवढाच रंगमंच. त्याच्या खाली वाकून, लोळून, बसून बाहुलीकाराने हवे ते करावे! दृश्य कसे दिसत आहे, हे कळण्यासाठी प्रत्येक बाहुलीकारासमोर एक लहानसा दूरचित्रवाणी संच ठेवलेला असे. तो आरशासारखा उलटे चित्र दाखवीत नसे, म्हणून नवख्या माणसाची सुरुवातीला फार तारांबळ उडत असे.

मपेटचे बारकाईने निरीक्षण करणाऱ्या मुलांच्या लक्षात एक गमतीची गोष्ट येते. बहुतेक मपेट डावखुरे असतात. असे का? याचे उत्तर बाहुलीच्या नव्हे, तर माणसाच्या अंगात आहे. बाहुलीच्या तोंडाची हालचाल हे सर्वांत नाजूक काम. म्हणून बाहुलीकार आपला उजवा हात तिच्या डोक्यात घालतो. मग बाहुलीच्या हातांसाठी त्याच्यापाशी डावा हातच उरतो. साहजिकच बाहुली पेला उचलते, लिहिते, खाजवते, ते डाव्या हाताने. कर्मिटसारख्या बाहुलीचे हात बारीक सळ्यांनी हालवले जातात. परंतु बिस्किटांवर ताव मारणाऱ्या कुकी मॉन्स्टर या निळ्या राक्षसाच्या बाहूंत माणसाचे खरे हात असतात. त्याचा डावा हात एकाचा, तर उजवा हात दुसऱ्याच माणसाचा! दोन माणसे एकमेकांना खेटून उभी राहतात आणि एकाच राक्षसाची भूक भागवतात. राक्षसाची ती बिस्किटेही बनावट असतात. तुपातेलाचे डाग मपेटच्या केसाळ कापडावर पडू नयेत, म्हणून पीठ, कुरमुरे, कॉफी असल्या वस्तूंची ती बनवलेली असतात.

तोंडाची हालचाल नाजूक का, हे कोणासही स्वतःच्या हाताने करून पाहता येईल. उजव्या हाताची चार बोटे जुळवून वर धरावीत, अंगठा खाली ठेवावा, आणि ‘पाऊस आला’ असे हाताकडून बोलवून घ्यावे. बहुतेकांची वरची चार बोटे फडफडू लागतात. त्यामुळे बाहुली मान उडवून शब्द चावत आहे, असे दिसते. माणूस बोलतो तेव्हा त्याचा खालचा जबडा हालतो, डोके स्थिर असते. म्हणून अंगठा खाली न्यायचा, प्रत्येक स्वराला तोंड उघडायचे, आणि चार बोटे मात्र शांत ठेवायची. एवढी एक गोष्ट अंगवळणी पडायला फार सराव लागतो.

आता सर्वांत मोठ्या बाहुलीकडे वळू. बिग बर्ड, म्हणजे मोठा पक्षी, हा पिवळ्या पिसांचा असून त्याची उंची ८ फूट २ इंच आहे. वय मात्र सहा वर्षांचे. शब्द चुकणारा, सतत विचारणारा, चटकन हिरमुसणारा असा तो एक बालकच आहे. याच्या आत कोण आहे, हा प्रश्न मुलांनी सर्वांत अधिक वेळा विचारला असेल. १९६९ पासून जवळजवळ अर्धे शतक त्या पिसांच्या आत एकच माणूस होता. त्यांचे नाव कॅरोल स्पिनी.

स्पिनी आठ वर्षांचे असताना त्यांनी जुन्या सामानाच्या विक्रीत पाच सेंटांना माकडाची एक हातबाहुली विकत घेतली. मुलाची आवड पाहून त्यांच्या आईने त्यांना बाहुल्यांचा छोटासा रंगमंचच तयार करून दिला. बाहुल्यांशी खेळणारा मुलगा म्हणून शाळेत त्यांची चेष्टा होई. ती त्यांनी सोसली, पण बाहुल्या सोडल्या नाहीत.

बिग बर्डच्या आत शिरल्यावर स्पिनी यांना बाहेरचे काहीच दिसत नसे. त्या पोशाखाला डोळ्यांसाठी भोके नाहीत. उजवा हात सरळ डोक्यावर उंच करून ते पक्ष्याचे डोके पेलत. हाच हात चोच उघडी आणि करंगळीने एक कळ दाबून पापण्या हालवी. डावा हात डाव्या पंखात असे. मग उजवा पंख कोण हालवणार? त्यासाठी एक युक्ती केलेली होती. मासे धरण्याच्या गळाला असतो तसला पारदर्शक तंगूस डाव्या हातापासून निघून पक्ष्याच्या मानेखालच्या कडीतून उजव्या पंखापर्यंत नेलेला असे. डावा पंख खाली गेला की उजवा आपोआप वर येई. विहिरीच्या रहाटावरून दोर ओढावा, तसाच हा प्रकार. पक्षी दोन्ही हातांनी काही करीत असल्यासारखा भासतो, पण त्यातला एक पंख नेहमी दुसऱ्याचा मिंधा असतो. आपण कोठे चाललो आहोत, हे कळावे म्हणून स्पिनी यांच्या छातीवर एक चिमुकला दूरचित्रवाणी संच पट्ट्यांनी बांधलेला असे. त्या संचात ते स्वतःलाच, म्हणजे पक्ष्याला, बाहेरून पाहत आणि त्याप्रमाणे पाऊल टाकीत. बोलायची वाक्ये आतच चिकटवलेली असत. अशा अवस्थेत, प्रखर दिव्यांच्या उष्णतेत, एक हात सतत वर धरून हसायचे, गायचे, नाचायचे! चाकांच्या बुटांवरूनही हा पक्षी फिरला आहे. हे वाचून जे नवल वाटते ते पक्ष्याविषयी नसून त्या हाताविषयी वाटते.

हा पक्षी कार्यक्रमात आला कसा, याचीही एक हकीकत आहे. आरंभी मानसशास्त्रज्ञांनी सल्ला दिला होता, की माणसे आणि बाहुल्या एकत्र दाखवू नयेत. मुलांचा गोंधळ उडेल. त्याप्रमाणे गल्लीतील प्रसंगांत केवळ माणसे ठेवली गेली. नमुन्याचे भाग मुलांना दाखवले तेव्हा असे आढळले, की बाहुल्या असेपर्यंत मुले टक लावून पाहतात आणि गल्लीतील माणसे आली की इकडेतिकडे पाहू लागतात. सल्ला बाजूला ठेवण्यात आला. हेन्सन यांनी गल्लीत राहण्यासाठी दोन नवे रहिवासी निर्माण केले. एक घरट्यात राहणारा बिग बर्ड आणि दुसरा कचऱ्याच्या डब्यात राहणारा तुसडा ऑस्कर. ऑस्करलाही स्पिनी हेच बोलते करीत. त्याचा घोगरा आवाज त्यांनी न्यूयॉर्कमधील एका टॅक्सीवाल्याच्या बोलण्यावरून उचलला होता. ऑस्कर पहिल्या वर्षी नारिंगी रंगाचा होता आणि दुसऱ्या वर्षापासून हिरवा झाला. जुने भाग पाहणाऱ्यांना यात काही रहस्य असावे असे वाटते. त्यात बनवणाऱ्यांचा बदललेला विचार, याहून अधिक काही नाही.

ही गल्ली न्यूयॉर्कमधील साध्या, गरीब वस्तीसारखी बांधली होती. तेथे काळी, गोरी, स्पॅनिश बोलणारी अशी सर्व माणसे शेजारी म्हणून नांदत. आज यात विशेष वाटणार नाही; परंतु १९७० साली मिसिसिपी राज्यातील शैक्षणिक दूरचित्रवाणीच्या आयोगाने नेमक्या याच कारणासाठी हा कार्यक्रम दाखवण्यास नकार दिला. काळ्या आणि गोऱ्या मुलांनी एकत्र खेळावे, हे पाहण्याची तेथील काही वजनदार लोकांची तयारी नव्हती. बातमी सर्वत्र पसरली, टीका झाली आणि काही आठवड्यांतच आयोगाला निर्णय मागे घ्यावा लागला. हेन्सन यांचे जन्मराज्य ते हेच.

पुढे अनेक देशांनी आपापल्या भाषेत अशी गल्ली वसवली. भारतात २००६ साली ‘गली गली सिम सिम’ या नावाने ती हिंदीत अवतरली. तिच्यात शाळेचा गणवेश घालणारी, दोन वेण्यांची चमकी नावाची पाच वर्षांची चौकस मुलगी होती. मुलीने शाळेत जावे, प्रश्न विचारावेत, हे चमकीला भाषण न करता सांगता येत असे.

कर्मिटविषयी एक प्रश्न मात्र राहिला. १९७९ साली निघालेल्या मपेटच्या चित्रपटात कर्मिट चक्क सायकल चालवतो. ते कसे साधले? तेथे हेन्सन यांनी जुन्या कळसूत्री विद्येचाच आश्रय घेतला. वरून सोडलेल्या दोऱ्यांनी कर्मिटला सायकलीवर तोलून धरलेले होते. त्याच चित्रपटाच्या आरंभी कर्मिट दलदलीतील ओंडक्यावर बसून गाणे म्हणतो, ते दृश्य याहून अवघड. तेव्हा पाण्याखाली एका धातूच्या अरुंद पिंपात स्वतः हेन्सन अंग मुडपून तासन्‌तास बसले होते. नळीने हवा आत येत होती. रबरी बाहीतून हात वर, पाण्याबाहेर काढून ते कर्मिटला गाववीत होते. पाहणाऱ्यास मात्र शांत पाणी आणि निवांत बेडूक, एवढेच दिसते.

या सर्व प्रश्नांची उत्तरे युक्तीने देता आली. एका प्रश्नाचे उत्तर देताना मात्र युक्ती चालणार नव्हती.

गल्लीत मिस्टर हूपर नावाचे एक वृद्ध दुकानदार होते. वरून तापट, मनाने प्रेमळ. बिग बर्डला त्यांचे नाव कधीच नीट घेता आले नाही. तो त्यांना कधी लूपर म्हणे, कधी कूपर. आणि ते दर वेळी त्याची चूक दुरुस्त करीत. ही भूमिका करणारे नट विल ली डिसेंबर १९८२ मध्ये वारले. आता मुलांना काय सांगावे? हूपर दुकान बंद करून दूरच्या गावी राहायला गेले असे म्हणता आले असते. त्यांच्या जागी दुसरा नट उभा करता आला असता. दोन्ही मार्ग सोपे होते आणि दोन्ही खोटे होते. लहान मुलांच्या मनाचा अभ्यास असणाऱ्या तज्ज्ञांशी विचारविनिमय झाला आणि खरे तेच सांगण्याचे ठरले. २४ नोव्हेंबर १९८३ या दिवशी तो भाग दाखवण्यात आला. अमेरिकेत तो आभारदिनाच्या सणाचा दिवस होता. त्या दिवशी आईबाप घरी असतात. मुलाने काही विचारले, तर उत्तर देणारे कोणी जवळ असावे, हा त्यामागचा हेतू होता.

त्या भागात बिग बर्ड गल्लीतील सर्व मोठ्या माणसांची चित्रे काढून आणतो आणि ज्याचे त्याला वाटतो. शेवटी एक चित्र हातात उरते. ते हूपर यांचे. ते आले की त्यांना देतो, असे तो म्हणतो. मोठी माणसे एकमेकांकडे पाहतात. मिस्टर हूपर वारले हे तुला सांगितले होते ना, असे कोणी हळूच आठवण करून देते. हो, पण ते परत आले की देईन, असे तो भाबडेपणाने म्हणतो. तेव्हा मारिया त्याच्याजवळ येऊन सांगते, की मेलेली माणसे परत येत नाहीत. कधीच नाही? कधीच नाही. मग आता मला दाण्यांचे मिल्कशेक कोण करून देईल, गोष्टी कोण सांगेल? आता दुकान सांभाळणारा डेव्हिड म्हणतो, की ते मी करीन. परंतु पक्ष्याचे समाधान होत नाही. पहिल्यासारखे होणार नाही, असे तो म्हणतो. आणि कोणीही त्याला खोटा दिलासा देत नाही. खरेच, पहिल्यासारखे होणार नाही, असे मोठी माणसेही मान्य करतात. आठवणी मात्र आपल्यापाशी राहतील, एवढेच ती सांगतात. असे का व्हावे, याला काही कारण हवे ना, असे तो रागावून विचारतो. याचेही उत्तर कोणी रचून देत नाही. असे होते, म्हणून होते, इतकेच गॉर्डन सांगतो.

शेवटी त्या चित्राकडे पाहत बिग बर्ड पुन्हा नाव चुकतो. या वेळी दुरुस्त करायला हूपर नसतात. मारिया ती चूक दुरुस्त करते. त्या नटांच्या डोळ्यांतील पाणी अभिनयाचे नव्हते. त्यांनीही आपला सोबती गमावला होता. ती चित्रे स्पिनी यांनी स्वतः काढलेली होती. बिग बर्डने हूपर यांचे चित्र आपल्या घरट्यावर टांगून ठेवले.

हेन्सन यांचे १६ मे १९९० रोजी, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी निधन झाले. आपल्या मागे कोणी काळे कपडे घालून येऊ नये, अशी त्यांची इच्छा होती. न्यूयॉर्कच्या मोठ्या चर्चमध्ये त्यांच्या स्मृतीसाठी लोक जमले, तेव्हा तेथे बिग बर्ड एकटाच पुढे येऊन उभा राहिला आणि त्याने कर्मिटचे गाणे म्हटले. गाणे संपल्यावर त्याने वर पाहून आभार मानले ते हेन्सन यांचे नव्हेत, कर्मिटचे. आत उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा कोणाला दिसत नव्हता. आपला हात मात्र त्याला तसाच वर धरून ठेवायचा होता.

मग कर्मिटही गेला का? नाही. हेन्सन यांचे सहकारी स्टीव्ह व्हिटमायर यांनी त्याला हातात घेतले आणि २०१६ पर्यंत बोलते ठेवले. महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. यशवंत पाध्ये यांच्या अर्धवटरावांना त्यांच्यामागे त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांनी असेच बोलते ठेवले. आवाजात थोडा फरक पडतो. जाणत्या कानाला तो कळतोही. काहींना तो खटकतो, आणि खटकणे स्वाभाविक आहे.

स्पिनी यांच्या शरीराला वार्धक्यात तोल सांभाळणे कठीण जाऊ लागले, तेव्हा काही वर्षे त्यांनी केवळ आवाज दिला आणि पिसांच्या आत दुसरा माणूस चालू लागला. २०१८ साली त्यांनी निवृत्ती घेतली. ८ डिसेंबर २०१९ रोजी, ८५ व्या वर्षी, ते वारले. त्यांच्या जागी आलेले मॅट व्होगल हे काही नवखे नव्हते. स्पिनी यांचे बदली कलावंत म्हणून ते वीसएक वर्षे शिकत होते. हात किती वर धरायचा, पापणी केव्हा पाडायची, सहा वर्षांचे मूल प्रश्न विचारण्यापूर्वी किती वेळ गप्प राहते, हे त्यांनी स्पिनी यांच्याजवळ राहून जाणून घेतले होते. पुढे व्होगल यांनी छातीवर तोच चिमुकला संच बांधला, उजवा हात डोक्यावर उंच केला, आणि पक्ष्याने पापण्या उघडल्या. त्याचे वय सहा वर्षेच होते.